मेपलची न दिसणारी रेष

मेपल म्हटलं की आपल्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान, आणि दुसरी अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेतून निघणारी पाकाची बाटली. (आमच्या घरी तो पाक घावनाबरोबर खातात. काकवीची सर त्याला नाही, पण हे मत मी मुलाच्या घरी फार मोठ्याने मांडत नाही.) पान झालं, पाक झाला, लाकडाचं नाव मात्र कोणी काढत नाही. आणि गंमत अशी की या झाडाने इतिहासात जी जागा मिळवली ती मुख्यतः लाकूड म्हणूनच.

तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. (खोड हा शब्द आजच्या लेखात दोन्ही अर्थांनी चालेल.) कोणतीही वस्तू दिसली की ती कशाची आहे आणि तिथे कशी पोचली हे विचारत बसायचं. आपल्या पाठ्यपुस्तकांत आरमारं असतात, राजवाडे असतात, पण त्यांचं लाकूड कुठल्या रानातून आलं, कोणी कापलं, का तेच निवडलं, हे एका ओळीत उरकलेलं असतं. बऱ्याचदा ती ओळही नसते. तर आज मेपलबद्दल. लेख जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी लाकडाची ओळख करून घेऊ. मेपलच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आशियातल्या. आपल्या हिमालयातही मेपल आहेत. तिथे मेपलच्या मुळांवर एक परोपजीवी वनस्पती वाढते, मुळाला त्यामुळे गाठी येतात, आणि त्या गाठी कोरून तिबेटी लोक चहाचे पेले करतात, अशी नोंद जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५४ साली छापलेल्या आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात केली आहे. पण सुतारकामाच्या इतिहासात नाव कमावलं ते दोन मेपलनी. एक युरोपातला, ज्याला इंग्लंडात सिकॅमोर म्हणतात. दुसरा उत्तर अमेरिकेतला शुगर मेपल, ज्याचा तो पाक. लाकूडवाले त्यालाच हार्ड मेपल किंवा रॉक मेपल म्हणतात.

सागाची फळी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर गडद रेघा असतात, डोंगराच्या नकाशावर असाव्यात तशा. त्या रेघा म्हणजे काय? झाडाच्या अंगात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. साग वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्या बनवतो आणि नंतर बारीक. मोठ्या नळ्यांची ती रांग म्हणजेच आपल्याला दिसणारी रेघ. मेपलचं तसं नाही. त्याच्या नळ्या मुळातच फार बारीक, आणि वर्षाच्या वाढीत सगळीकडे सारख्या विखुरलेल्या. म्हणून मेपलची फळी रंधून झाली की सायीसारखी पांढरट, गुळगुळीत आणि जवळजवळ कोरी दिसते. लाकडाचे तंतू आत कुठल्या दिशेने चालले आहेत हे वरून पाहून चटकन सांगता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बाकी गुण सांगायचे तर कठीणपणा. पोलादाची एक गोळी अर्धी लाकडात रुतवायला किती जोर लागतो, अशी एक चाचणी अमेरिकेत रूढ आहे. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड लागतात, सागाला हजार-अकराशेच्या आसपास. शिवाय मेपलला वास नाही, चव नाही, आणि घासलं गेलं तरी त्याची कूस निघत नाही. दोषही आहेत. उघड्यावर, पावसात ठेवलं तर लवकर कुजतं. आणि ओल्याचं वाळताना आकसतं फार. वर्षवलयांच्या अंगाने जवळजवळ १० टक्के, जिथे साग ६ टक्क्यांच्या आतच राहतो. म्हणजे कोकणात कोणी हौसेने मेपलचा दरवाजा केलाच, तर पावसाळ्यात तो लागणार नाही आणि उन्हाळ्यात फटीतून शेजारी दिसतील. सागाला पर्याय म्हणून त्याचा विचारच करू नये. त्याची कामं निराळी.

आता थोडं विषयांतर, पण ते लागणार आहे. आमच्या गावच्या सुतारआळीत कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा असे, आणि तो करवतीने कापून काढत नसत. ओंडक्यात पाचर ठोकून लाकूड फोडायचं आणि मग तासायचं. मी लहानपणी तिथे तासन्‌तास बसत असे (घरी बोलणी खाईपर्यंत). कारण विचारलं तर सुतारकाका सांगत, करवत आपण नेऊ तिकडे जाते, पाचर लाकूड नेईल तिकडे जाते. फोडलेल्या तुकड्यात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. कापलेल्यात ते मधेच तिरके बाहेर पडू शकतात, आणि दांडा नेमका तिथेच मोडतो. क्रिकेटची बॅटदेखील अशीच जन्मते. इंग्लिश विलोचा ओंडका पाचरीने फोडून त्याचे तुकडे करतात, आणि त्या कच्च्या तुकड्याचं इंग्रजी नाव ‘क्लेफ्ट’, म्हणजे फोडलेला, असंच आहे. हे शहाणपण जगभरच्या सुतारांकडे होतं. करवतीच्या गिरण्या आल्यावर ते हळूहळू मागे पडलं, कारण गिरणीला सरळ फळी हवी असते. तंतू सरळ आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

मेपलची पहिली मोठी कीर्ती इटलीतल्या क्रेमोना गावची. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती या कारागिराने तिथे व्हायोलिनला जवळजवळ आजचं रूप दिलं. त्याचा नातू निकोलो आमाती, मग अंतोनिओ स्त्रादिवारी, मग ग्वार्नेरी, अशी पुढची परंपरा. व्हायोलिनची पुढची पाटी स्प्रूस नावाच्या मऊ सूचिपर्णी लाकडाची. पाठ, बाजूच्या पट्ट्या, मान, आणि ज्या चिमुकल्या घोडीवरून तारा जातात ती घोडी, हे सगळं मेपलचं. स्प्रूसने थरथरायचं आणि मेपलने त्याला आधार द्यायचा, अशी साधारण वाटणी. ते उंची मेपल बाल्कन प्रदेशातून व्हेनिसमार्गे येत असे, असं पूर्वापार मानलं जातं.

व्हायोलिनच्या पाठीवर वाघाच्या अंगावर असावेत तसे आडवे पट्टे दिसतात ना, ते रंगवलेले नसतात. काही मेपलच्या झाडांत तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वर-खाली वाढतात. तशी फळी बरोबर अंगाने कापली की प्रकाश एका लाटेवरून परततो आणि दुसरीत बुडतो. वाद्य हातात फिरवलं की पट्टे जागा बदलतात. म्हणजे सुतारकाकांच्या हिशेबाने हे लाकूड सदोषच! त्याचा कुऱ्हाडीचा दांडा कोणी करणार नाही. रंधा मारावा तर दर लाटेला ते उचकटतं, म्हणून खरवडून खरवडून साफ करावं लागतं. पण व्हायोलिनच्या पाठीला कुऱ्हाडीसारखे घाव सोसायचे नसतात, तिथे हा दोषच दागिना ठरला.

स्त्रादिवारी १७३७ साली गेला तेव्हा नव्वदी ओलांडलेला होता. त्याची १७२१ सालची एक व्हायोलिन २०११ मध्ये लिलावात १ कोटी ५९ लाख डॉलरला गेली. ते पैसे जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांना दिले गेले. एवढी किंमत कशाची, यावर दोनशे वर्षं वाद चालू आहेत. कोणी वॉर्निशचं गुपित म्हणतं, कोणी त्या काळच्या थंड हवेचं. २०१७ साली तैवानमधल्या संशोधकांनी स्त्रादिवारीच्या वाद्यांतल्या मेपलचे कण तपासून दाखवलं की त्या लाकडात ॲल्युमिनियम, तांबं, जस्त वगैरेंचे अंश आहेत. म्हणजे लाकडावर आधी काहीतरी खनिजांची प्रक्रिया केलेली होती. शिवाय तीनशे वर्षांत त्यातला एक घटक बराचसा विघटित झाल्यामुळे ते आजच्या मेपलपेक्षा कमी दमट राहतं. दुसरीकडे, २०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना डोळे झाकून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, तर जास्त पसंती नव्यांनाच मिळाली. माझं मत विचाराल तर आमची पिढी प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन ऐकत वाढली, आणि ते वाद्य कुठल्या गावचं हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. बोटं आणि कान महत्त्वाचे. असो.

युरोपात मेपलचे असे लाड चालले होते तेव्हा अमेरिकेत काय होत होतं? तिथे लोक मेपल जाळत होते. अतिशयोक्ती नाही. ईशान्य अमेरिकेत वसाहतवाल्यांना शेतीसाठी रान साफ करायचं होतं, आणि मेपल-बीचसारख्या कठीण लाकडांच्या राखेतून पोटॅश मिळायचं. साबण, काच, कापडाचा धंदा, सगळीकडे ते लागायचं. नव्या शेतकऱ्याच्या हातात पहिले रोख पैसे अनेकदा या राखेचेच पडत. अमेरिकन सरकारने ३१ जुलै १७९० रोजी दिलेलं पहिलंवहिलं पेटंट कशाचं होतं माहीत आहे? पोटॅश बनवण्याच्या सुधारित रीतीचं! खाली सही खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनची. वर्गात मी हे कधी सांगितलं नाही याची चुटपुट वाटते, पण अभ्यासक्रमात पोटॅशला जागाच कुठे होती?

मेपल जाळण्याचं आणखी एक साधं कारण होतं. लाकूड शहरात न्यायचं तर नदीत सोडून द्यायचं, ही तेव्हाची वाहतूक. पाइन पाण्यावर छान तरंगतो. मेपलचे ओले ओंडके जड, ते बुडतात. त्यामुळे मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या रानांतला पाइन आधी तोडला गेला, मेपल उभाच राहिला. पुढे रेल्वेचे फाटे रानात घुसले आणि मग मेपलची पाळी आली. १८९७ मध्ये मेपलची जमीन बनवणाऱ्या कारखानदारांनी आपला संघही काढला. गिरण्या, नाचघरं, व्यायामशाळा, सगळीकडे मेपलच्या पट्ट्या पसरल्या. बास्केटबॉलची मैदानं आजही बहुतेक मेपलचीच असतात. फक्त बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाचं प्रसिद्ध मैदान ओकच्या चौकटींचं. बाकी यादी थोडक्यात उरकतो. खाटकाचे ठोकळे (वास-चव नाही हा गुण तिथे कामी आला), बोलिंगच्या उभ्या बाटल्या आणि चेंडू जिथे आपटतो तो गल्लीचा भाग, विजेरी गिटारच्या माना. आणि स्टाइनवेच्या ग्रँड पियानोची ती वळणदार बाजू, जी मेपलचे पातळ थर एकत्र चिकटवून एकाच दमात वाकवतात. त्या रीतीचं पेटंट १८८० सालचं.

आता ज्याच्यासाठी एवढी प्रस्तावना केली त्या गोष्टीकडे येतो.

२००८ साली मी निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत गेलो. एका शनिवारी त्याने आम्हाला बेसबॉलचा सामना दाखवायला नेलं. नियम मला अर्धेमुर्धेच कळत होते. तिसऱ्या का चौथ्या डावात एका खेळाडूने जोरात बॅट फिरवली, फटाका वाजल्यासारखा आवाज झाला, आणि बॅटचा पुढचा जाड भाग हातभर लांब भाल्यासारखा गिरक्या घेत मैदानात जाऊन पडला. मुठीत राहिला नुसता दांडा. कोणाला लागलं नाही. लोक हसले, नवी बॅट आली, खेळ पुढे चालू. सौ. मात्र म्हणाली, “अहो, हा इकडे आला असता तर?” आमच्यापुढच्या रांगेत एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मला त्यानंतरचा सामना काही आठवत नाही.

घरी आल्यावर मुलाला विचारलं, “अरे, बॅट अशी कशी मोडते? आपली तर चिरते, नाहीतर तिचा टवका उडतो.” तो म्हणाला, “बाबा, ती मेपलची असणार. हल्ली त्यावरून गदारोळ चालू आहे.” झालं, माझ्या खोडीला खाद्य मिळालं.

बेसबॉलची बॅट पूर्वी हिकरीची असे. बेब रूथसारखे जुने दिग्गज हिकरीच्या भल्या जड बॅटी वापरत. पुढे हलकी बॅट हवीशी झाली आणि ॲश नावाच्या झाडाचं राज्य आलं. (इंग्रजीत ॲश म्हणजे राखही, पण मघाशी सांगितलेल्या राखेशी या झाडाचा संबंध जोडू नका.) ॲश हे सागासारखंच रेघा स्पष्ट दाखवणारं लाकूड. बॅट मोडायच्या आधी तिचे थर सुटायला लागतात, पापुद्रे निघतात. म्हणजे ती आगाऊ सूचना देते.

१९९६ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात सॅम होलमन नावाच्या सुताराकडे त्याच्या एका मित्राने तक्रार केली की बॅटी फार मोडतात, काहीतरी कर. मित्र बेसबॉलमधला जाणकार होता. होलमनने विचार करून मेपल निवडलं आणि घरच्या घरी बॅटी कातल्या. टोरोंटोच्या ब्लू जेज संघाच्या जो कार्टरने त्या सरावात वापरून पाहिल्या, त्याला आवडल्या, आणि १९९७ पासून सामन्यांत मेपल दिसू लागलं. २००१ मध्ये बॅरी बॉन्ड्सने होलमनच्या बॅटने एका मोसमात ७३ होमरन मारले. तो विक्रम अजून उभा आहे. बॉन्ड्सच्या उत्तेजक द्रव्यांचा वाद निराळा, त्यात आपण शिरायला नको. पण त्या ७३ नंतर प्रत्येकाला मेपल हवं झालं. मेपलने चेंडू लांब जातो, अशी सगळ्यांची खात्री पटली.

प्रत्यक्षात जातो का? नाही! मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या विद्यापीठात बेसबॉलवर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे (त्या देशात कशावरही प्रयोगशाळा असते). तिने २००५ मध्ये मोजून सांगितलं की ॲश आणि मेपल, दोन्हींवरून चेंडू सारख्याच वेगाने सुटतो. पण खेळाडूंना मेपलचा टणक आवाज आवडायचा, त्याचे पापुद्रे निघत नसत, आणि बॉन्ड्सचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा मोठ्याने बोलत होता.

मग २००८ चा एप्रिल आला. लॉस एंजेलिसच्या मैदानावर एका मेपल बॅटचा तुकडा पाहुण्या संघाच्या फलंदाजी प्रशिक्षकाच्या गालात घुसला. त्याच महिन्यात त्याच मैदानावर दुसऱ्या तुकड्याने एका प्रेक्षक बाईंचा जबडा मोडला. मग मात्र बेसबॉलच्या वरिष्ठांनी हातपाय हलवले. अमेरिकन सरकारची लाकडावर संशोधन करणारी एक जुनी संस्था विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आहे, फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी. तिला काम दिलं. त्या मोसमाच्या उरलेल्या काही महिन्यांत मोडलेली प्रत्येक बॅट जमा करायची, असं ठरलं. २२०० हून अधिक बॅटी जमल्या. त्यांतल्या साडेसातशेच्या आसपास दोन किंवा जास्त तुकडे होऊन उडालेल्या. एकेक तुकडा तपासला, तो कसा मोडला हे दूरदर्शनच्या चित्रफितींवर ताडून पाहिलं.

निष्कर्ष वाचला तेव्हा मला सुतारआळी आठवली. मुख्य दोष निघाला तंतूंच्या उताराचा. बॅटच्या लांबीशी तंतू ३ अंशांपेक्षा जास्त तिरके असले, तर फटका बसताच बॅट त्या तिरक्या रेषेवरून एकदम उसळून तुटते. ॲशमध्ये ही तिरकी रेष डोळ्यांना दिसते, कारागीर तो तुकडा बाजूला काढतो. मेपलमध्ये दिसतच नाही. बॅट कातणारा, विकणारा, विकत घेणारा, सगळेच चांगल्या डोळ्यांचे, पण पाहायचं काय? ज्या कोरेपणामुळे ते लाकूड ठोकळ्यात, जमिनीत नावाजलं, त्याच कोरेपणाने इथे घात केला. त्यात बॅटीची मूठ दिवसेंदिवस बारीक आणि पुढचा भाग जाड होत चाललेला. मेपल ॲशहून जड, म्हणून वजन राखायला ते जास्त वाळवायचं, नाहीतर हलक्या प्रतीचं घ्यायचं. सगळी तयारी मोडण्याचीच.

उपाय काय काढला ते ऐका. इतका साधा की शाळेच्या प्रयोगवहीत बसेल. बॅटच्या मुठीवर, टोकापासून साधारण १२ इंचांवर, शाईचा एक थेंब टाकायचा. शाई त्या बारीक नळ्यांत शिरते आणि नळ्या जातील तिकडे पसरते. थेंबातून एक बारीक काळी रेष निघते, ती म्हणजे तंतूची खरी दिशा. ती बॅटच्या मधल्या रेषेशी ३ अंशांच्या आत असेल तर बॅट पास, नाहीतर नापास. २००९ पासून मोठ्या सामन्यांतल्या मेपल बॅटींना ही परीक्षा सक्तीची झाली. त्याबरोबर बॅटवरचा शिक्काही पाव वर्तुळ फिरवला, कारण मेपल ज्या अंगावर चेंडू घ्यायला भक्कम, ते अंग ॲशपेक्षा वेगळं आहे. खेळाडू शिक्का पाहून बॅट धरतात, तेव्हा शिक्का हलवला की हात आपोआप बरोबर पडतो. २०१० पासून बॅटची कमाल जाडी पावणेतीन इंचांवरून २.६१ इंचांवर आणली. हलक्या मेपलवरही नवख्या खेळाडूंसाठी बंधनं आली.

पुढच्या काही वर्षांत बॅटीचे तुकडे उडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. शून्य झालं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये शिकागो कब्जचा टायलर कॉल्व्हिन तिसऱ्या तळावरून धावत येत असताना सहकाऱ्याच्या मेपल बॅटचा टोकदार तुकडा त्याच्या छातीत घुसला. त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं, त्याचा तो मोसम संपला. सुदैवाने तो बरा झाला आणि पुढे खेळलाही. त्या वेळी मेपलवर सरसकट बंदी घाला अशी मागणी पुन्हा झाली. खेळाडूंनी ती मानली नाही. इतिहासाचा मास्तर म्हणून मला यात नवल वाटत नाही. हातात बसलेलं हत्यार धोक्याचं आहे म्हणून कोणी आपणहून टाकलं, अशी उदाहरणं मला फारशी सापडलेली नाहीत.

त्यातून जे लोक ॲशकडे परत जाऊ म्हणत होते, त्यांची वाटही बंद होत गेली. आशियातून आलेला पाचूच्या रंगाचा एक भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. त्याची अळी ॲशची साल आतून पोखरते आणि झाड काही वर्षांत वाळतं. कोट्यवधी ॲश त्याने संपवले आहेत, आणि बॅटवाल्यांच्या हक्काच्या रानांपर्यंत तो कधीच पोचला आहे. आता बॅटी मुख्यतः मेपलच्या, थोड्या बर्चच्या.

मेपलचाही एक भुंगा आहे. काळा, अंगावर पांढरे ठिपके, लांबच लांब मिशा. तोही आशियातूनच, मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९९६ मध्ये ब्रुकलिनला दिसला, ज्या वर्षी होलमनने पहिली बॅट कातली त्याच वर्षी. २००८ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात सापडला, तोवर तिथे चांगलाच मुरलेला होता. तो रोखण्यासाठी त्या एका परिसरात तीस हजारांहून जास्त झाडं तोडून त्यांचा चुरा करावा लागला. त्यांतली बहुतेक मेपल होती.